यादीतील तिसरा नियम : संगणकाच्या फायरवॉलची ओळख



गेल्या वर्षी संगणक-कक्षातील एका कामात आमच्या हातून एक चूक घडली. चूक लहान दिसत होती, परंतु तिच्यामुळे परीक्षेचे गुणपत्रक, विद्यार्थ्यांचे पत्ते आणि पालकांचे दूरध्वनी-क्रमांक दोन दिवस नको तेथे उघडे पडले. शिक्षकाने आपल्या चुका झाकून ठेवाव्यात असा एक जुना समज आहे. आम्हांला तो मान्य नाही. ज्या चुकीतून एखादा विषय नीट समजतो, ती चूक वर्गासमोर मांडणे हेही अध्यापनच होय. यास्तव प्रस्तुत लेखात आधी विषयाची ओळख करून देऊन मग ती हकीकत आम्ही सांगणार आहोत.

दारे आणि पहारेकरी

दोन घरे एकमेकांना लागून असली म्हणजे एका घराची आग दुसऱ्यास लागू नये म्हणून मध्ये जाड, न जळणारी भिंत बांधीत. इंग्रजीत तिला फायरवॉल म्हणतात. संगणकांच्या जगात हे नाव रूढ झाले ते याच अर्थाने : बाहेरची आग आत येऊ नये. परंतु ही भिंत आंधळी नाही. तिला दारे आहेत आणि दारांवर पहारा आहे. म्हणून आमच्या मते तिला भिंत म्हणण्यापेक्षा नाका म्हणणे अधिक योग्य ठरेल. पत्रादेवीच्या किंवा पोळ्याच्या नाक्यावर थांबलेली वाहनांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना चटकन समजेल. वाहन कोठून आले, कोठे चालले, आत काय आहे, हे शिपाई पाहतो आणि हातातील यादीप्रमाणे सोडतो अथवा अडवतो.

एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर लहान लहान पुडक्यांतून जातो. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दाराचा क्रमांक लिहिलेला असतो. या दारांना पोर्ट म्हणतात. आपल्याकडील वृद्ध मंडळींना पोर्तुगीज भाषेतील ‘पोर्ता’ हा शब्द ठाऊक असेल; त्याचा अर्थ दार असाच आहे. दाराचा क्रमांक १६ द्विमान अंकांत लिहिला जातो. म्हणून ० पासून ६५,५३५ पर्यंत एकंदर ६५,५३६ क्रमांक संभवतात. त्यांपैकी काही सर्वमान्य आहेत. दूर बसून संगणक चालविण्याच्या एसएसएच या सुरक्षित पद्धतीसाठी २२, साध्या संकेतपृष्ठांसाठी ८०, सुरक्षित संकेतपृष्ठांसाठी ४४३, छपाईसाठी ६३१ आणि दुसऱ्या यंत्राचा पडदा आपल्या यंत्रावर पाहण्यासाठी ५९०० ही दारे वापरतात.

दार उघडे असणे वाईट नव्हे. गरज नसताना आणि कोणाचे लक्ष नसताना ते उघडे असणे वाईट. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढीत पसरणारा एक प्रोग्रॅम जाळ्यावर सोडला. युनिक्स-पद्धतीच्या यंत्रांवर टपाल पोहोचविणाऱ्या आणि ‘अमुक मनुष्य कोण’ याचे उत्तर देणाऱ्या सेवांतील दोषांतून तो आत शिरे. त्या वेळी जाळ्यावर सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांपैकी सुमारे ६,००० यंत्रांना त्याची बाधा झाली, असा अंदाज तेव्हा केला गेला. दारावर पहारा हवा ही जाणीव त्यानंतर अधिक तीव्र झाली.

नियम कसा वाचला जातो

युनिक्स या संगणक-प्रणालीचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. तिच्या वळणावर पुढे अनेक प्रणाली निर्माण झाल्या. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स याने आरंभिलेली लिनक्स ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. लिनक्सच्या गाभ्यातच पुडकी तपासण्याची यंत्रणा आहे. तिला नियम सांगणे पूर्वी किचकट होते. म्हणून उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात २००८ साली यूएफडब्ल्यू हे साधन आले. या आद्याक्षरांतील पहिल्या शब्दाचा अर्थच ‘बिनगुंतागुंतीची’ असा आहे. आपण याच साधनाचे उदाहरण घेऊ.

प्रत्येक नियमात तीन गोष्टी असतात : कोणाकडून, कोणत्या दाराला, आणि काय करावे. काय करावे याचे प्रकार मुख्यतः तीन. ‘अलाव’ म्हणजे येऊ द्यावे. ‘डिनाय’ म्हणजे पुडके मुकाट्याने टाकून द्यावे. पाठविणाऱ्यास काहीच कळत नाही, तो वाट पाहत राहतो. ‘रिजेक्ट’ म्हणजे नकार द्यावा, पण तसे सांगून द्यावा. पहिला नकार म्हणजे दार न उघडता गप्प बसणे. दुसरा म्हणजे खिडकीतून ‘येथे प्रवेश नाही’ असे सांगणे.

आता मुख्य मुद्दा. शिपाई यादी वरून खाली वाचतो आणि पुडक्याला लागू पडणारा पहिला नियम सापडताच तेथेच थांबतो. खालच्या नियमांत काय लिहिले आहे हे तो पाहतही नाही. एकही नियम लागू पडला नाही तर मूळ धोरण चालते. यूएफडब्ल्यूमध्ये बाहेरून येणाऱ्यांस ते ‘मनाई’ असे असते.

व्याकरण शिकताना सामान्य नियम आणि अपवाद ही जोडी तुम्हांस भेटली आहे. तेथे अपवाद कोठेही लिहिलेला असो, तो सामान्य नियमावर मात करतो; कारण वाचणारा मनुष्य विचार करतो. संगणकाचा शिपाई विचार करीत नाही. त्याला विशेष आणि सामान्य यांतील भेद कळत नाही. त्याला केवळ क्रम कळतो. म्हणून अपवाद वर आणि सामान्य नियम खाली, अशी मांडणी आपणच करावयाची असते.

आमची यादी

शाळेच्या कार्यालयात एक संगणक आहे. त्यावर गुणपत्रके आणि विद्यार्थ्यांची माहिती असते. शिक्षक आपापल्या यंत्रावरून ती पाहतात. कार्यालय व शिक्षक यांच्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि विद्यार्थ्यांच्या संगणक-कक्षातील यंत्रांचे १९२.१६८.२ ने. पत्त्यापुढे ‘/२४’ लिहिले म्हणजे ३२ द्विमान अंकांपैकी पहिले २४ ठरलेले आणि उरलेले ८ मोकळे. २ चा आठवा घात २५६, म्हणून तेवढे पत्ते त्यात मोडतात. ‘/१६’ म्हटले की ६५,५३६ पत्ते मोडतात, म्हणजे आमच्या बाबतीत सगळी शाळा.

‘यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड’ अशी आज्ञा दिली की क्रमांकांसह यादी दिसते. (आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागते, येथे ती उच्चारानुसार दिली आहे.) त्या दिवशी आमची यादी अशी होती, सोयीसाठी पत्त्यांच्या सहाव्या आवृत्तीचे नियम येथे गाळले आहेत.

१. दार २२ : परवानगी, कार्यालयातील १९२.१६८.१.१० या एकाच यंत्रास.
२. दार ६३१ : परवानगी, कोणासही.
३. दार ५९०० : परवानगी, कोणासही.
४. दार ८० : मनाई, १९२.१६८.२.०/२४ म्हणजे विद्यार्थ्यांच्या कक्षास.
५. दार ८० : परवानगी, १९२.१६८.०.०/१६ म्हणजे सर्व शाळेस.

चौथा नियम पाचव्याच्या वर का आहे, हे आता सांगावयास नको. दुसरा नियम एका जुन्या छपाईयंत्रासाठी होता; ते यंत्र केव्हाच मोडीत गेले होते. तिसरा नियम कधीतरी दुरुस्तीसाठी तात्पुरता घातलेला आणि नंतर विसरलेला. तो अधिक धोक्याचा होता, कारण त्या दारातून संगणकाचा पडदाच दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. हे दोन्ही नियम काढून टाकावेत असे आम्ही ठरविले. विचार योग्य होता; कृती चुकली.

चूक

आम्ही ‘यूएफडब्ल्यू डिलीट २’ अशी आज्ञा दिली. यंत्राने नियम दाखवून विचारले, ‘काढू काय?’ आम्ही होकार दिला. मग ‘यूएफडब्ल्यू डिलीट ३’ अशी आज्ञा दिली. यंत्राने पुन्हा नियम दाखविला, पुन्हा विचारले. आम्ही पडद्याकडे न पाहता पुन्हा होकार दिला. दोन नियम काढावयाचे होते, दोन निघाले. आम्ही समाधानाने घरी गेलो.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून यादी पुन्हा पाहा. दुसरा नियम निघताच खालचे सर्व नियम एकेक पायरी वर सरकले होते. जो तिसरा होता तो दुसरा झाला. जो चौथा होता तो तिसरा झाला. आमच्या डोळ्यांपुढे जुनी यादी होती आणि यंत्रापुढे नवी. परिणामी जो नियम जावयास हवा होता तो राहिला, आणि जो राहावयास हवा होता तोच गेला. पडदा दाखविणारे ५९०० क्रमांकाचे दार तसेच उघडे राहिले, आणि विद्यार्थ्यांच्या कक्षाला असलेली मनाई नाहीशी झाली.

दोन दिवसांनी नववीतील एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत शिक्षक-कक्षाच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती म्हणाली, “सर, ग्रंथालयाची सूची शोधत होते, तर आमच्या यंत्रावर सहामाहीचे गुणपत्रक उघडले. मी लगेच बंद केले. कोणाला सांगितले नाही.”

निकाल अजून जाहीर झाला नव्हता. त्या पत्रकात तिच्या स्वतःच्या वर्गाचेही गुण होते. ते वाचण्याचा मोह कोणासही झाला असता. तिने तो आवरला आणि ज्याने चूक केली त्याच्याकडेच ती सरळ आली. आम्ही तिला बसावयास सांगितले आणि यादी उघडून तिच्यासमोरच पाहिली.

दुरुस्ती

घाईचा अनुभव पुरेसा झाला नव्हता असे म्हणावे लागेल. कारण आम्ही लागलीच मनाईचा नियम पुन्हा लिहिला आणि तिला कक्षातील यंत्रावर पाहून यावयास सांगितले. ती परत आली. “सर, अजून उघडते आहे.” मग यादीकडे बोट दाखवून तिने विचारले, “शिपाई पहिल्या लागू नियमापाशीच थांबतो ना? मग हा शेवटचा तो वाचणार कसा?”

तिचे म्हणणे बरोबर होते. नवा नियम यादीच्या शेवटी जातो. सर्व शाळेस परवानगी देणारा नियम आता तिसरा होता आणि आमची मनाई त्याच्या खाली, चौथी. ती लिहिलेली होती, परंतु तिच्यापर्यंत कोणी पोहोचतच नव्हते. नियम केवळ असून भागत नाही. तो योग्य जागी असावा लागतो.

योग्य जागी नियम घालण्यासाठी ‘इन्सर्ट’ ही आज्ञा आहे : ‘यूएफडब्ल्यू इन्सर्ट ३ डिनाय फ्रॉम १९२.१६८.२.०/२४ टू एनी पोर्ट ८०’. मात्र तोच नियम यादीत आधीपासून असेल तर यंत्र तो दुसऱ्यांदा घालीत नाही. म्हणून आधी तळचा नियम काढला, मग तिसऱ्या जागी नवा घातला. विद्यार्थिनी पुन्हा पाहून आली; गुणपत्रक आता उघडत नव्हते. ५९०० चा नियम काढताना मात्र आम्ही क्रमांकाचा आधार घेतला नाही. ‘यूएफडब्ल्यू डिलीट अलाव ५९००’ असे नियमाचे वर्णन करूनही तो काढता येतो. क्रमांक सरकतात, वर्णन सरकत नाही. शिवाय वर्णनाने काढलेला नियम पत्त्यांच्या चौथ्या आणि सहाव्या अशा दोन्ही आवृत्त्यांतून जातो. क्रमांकाने काढल्यास त्यांपैकी एकच जातो आणि दुसरा मागे राहतो.

क्रमांकच वापरावयाचे असतील तर खालून वर जावे : आधी ३, मग २. खालचा नियम काढल्याने वरच्यांचे क्रमांक बदलत नाहीत. एवढे साधे पथ्य आम्ही पाळले असते तर ही हकीकत लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

इतर प्रणालींची रीत

क्रमांक सरकण्याचा हा धोका इतरांच्याही ध्यानात आला होता. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातील प्रणालीत १९९४ पासून आयपीएफडब्ल्यू हे साधन आहे. तेथे प्रत्येक नियमास कायमचा क्रमांक असतो. आपण न दिल्यास यंत्र शंभर-शंभरांच्या अंतराने तो देते, म्हणजे मध्ये नवे नियम घालण्यास जागा राहते. तीनशेवा नियम काढला तरी चारशेवा हा चारशेवाच राहतो. मात्र एकाच क्रमांकाचे अनेक नियम असू शकतात आणि तो क्रमांक काढल्यास ते सगळेच जातात. शेवटचा ६५,५३५ वा नियम मूळ धोरणाचा; तो काढता येत नाही.

लिनक्सच्या गाभ्यात २०१४ साली एनएफटेबल्स ही नवी रचना आली. तीत प्रत्येक नियमास ‘हँडल’ नावाचा ओळख-क्रमांक मिळतो. पुढेमागे काहीही झाले तरी तो बदलत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरातील क्रमांक आणि वर्गातील हजेरीचा क्रमांक यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. एक विद्यार्थी शाळा सोडून गेला तर हजेरीचे क्रमांक पुढील वर्षी बदलतात. जनरल रजिस्टरातील क्रमांक जन्मभर तोच.

ओपनबीएसडी या प्रणालीत २००१ पासून असलेल्या पीएफची रीत तर याच्या उलट. तेथे लागू पडणारा शेवटचा नियम प्रमाण मानतात. नियमात ‘क्विक’ हा शब्द असेल तरच शिपाई तेथल्या तेथे थांबतो. पाणिनीच्या व्याकरणातही दोन तुल्यबळ नियमांचा विरोध आल्यास पुढचा नियम मानावा, असा अर्थ परंपरेने लावलेले एक सूत्र आहे, याची येथे आठवण होते. तात्पर्य, एका प्रणालीची सवय दुसरीकडे तशीच नेऊ नये. आपण कोणत्या नाक्यावर उभे आहोत हे आधी पाहावे.

काही पथ्ये

बदल करण्यापूर्वी यादी कागदावर अथवा फायलीत उतरून ठेवावी, आणि प्रत्येक बदलानंतर ती नव्याने वाचावी. नियम का घातला हे त्याच्याशेजारी लिहावे. यूएफडब्ल्यूमध्ये ‘कमेंट’ या शब्दाने तशी टीप जोडता येते. आमच्या तिसऱ्या नियमावर ‘दुरुस्तीपुरता’ एवढे लिहिलेले असते तरी तो वेळीच गेला असता. दूर बसून काम करणाऱ्याने २२ क्रमांकाच्या दाराचा नियम जपावा. तो गेला तर आपणच बाहेर आणि किल्ली आत, अशी अवस्था होते. म्हणून जाणती माणसे आधी एक उलट आज्ञा सोडून ठेवतात : पाच मिनिटांत मी थांबविले नाही तर फायरवॉल आपोआप बंद व्हावी. काम नीट झाले की ती आज्ञा रद्द करतात.

आम्ही त्या दिवशी आणखी एक सुधारणा केली आणि तीच आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. सर्व शाळेस परवानगी आणि मग विद्यार्थ्यांच्या कक्षास मनाई, ही रचनाच मुळात कच्ची होती. आम्ही दोन्ही नियम काढले आणि केवळ १९२.१६८.१.०/२४ ला ८० क्रमांकाच्या दाराची परवानगी दिली. मूळ धोरण मनाईचेच असल्याने कक्षासाठी वेगळा नियम लागला नाही. आता यादीत दोनच ओळी आहेत. उद्या आमच्याच हातून त्यांतील एखादी चुकून पुसली गेली तर शिक्षकांची गैरसोय होईल, परंतु कोणाचे गुण किंवा कोणाच्या घरचा पत्ता उघडा पडणार नाही. चूक होणारच नाही अशी रचना मनुष्यास साधत नाही. झालेली चूक दार उघडणारी न ठरता बंद करणारी ठरावी, एवढे मात्र साधता येते.

पालकांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. फायरवॉल सर्व संकटांवरील उपाय नव्हे. ज्या दाराने येण्याची परवानगी आहे त्या दाराने आलेला लबाड पाहुणा ती ओळखत नाही. फसवे पत्र उघडणे, सोपा पासवर्ड ठेवणे, तो दुसऱ्यास सांगणे, यांवर तिचा इलाज नाही. तेथे घरातील माणसांची सावधगिरीच उपयोगी पडते.

घाटातील वळणावर ‘अति घाई संकटात नेई’ असा फलक आपण नेहमी वाचतो. यंत्रानेही आम्हांला दोनदा विचारले होते, नियम दाखवून विचारले होते. आम्ही वाचले नाही. जी गोष्ट पडद्यावर लिहिलेली असताना शिक्षकाने वाचली नाही, ती एका विद्यार्थिनीने यादीत बरोबर पाहिली. ज्या पत्रकात तिला मोह पडावा असे बरेच काही होते, ते मात्र तिने न वाचता मिटले. वाचावे काय आणि वाचू नये काय, हे दोन्ही तिला ठाऊक होते. तिचे नाव आम्ही येथे देत नाही, परंतु हा लेख तिला वाचावयास मिळेल, आणि तो तिच्यामुळेच लिहिला गेला हे तिला कळेल.

स्वाध्याय

१. पुढील यादी पाहा : (१) दार ८० ला सर्वांस परवानगी, (२) दार ८० ला १९२.१६८.२.४५ या यंत्रास मनाई. या यंत्रावरून ८० क्रमांकाचे दार उघडेल काय? पीएफच्या रीतीने, ‘क्विक’ शब्द न वापरता हीच यादी लिहिली तर काय होईल?

२. सात नियमांच्या यादीतून यूएफडब्ल्यूने २, ५ व ६ हे नियम क्रमांकाने काढावयाचे आहेत. आज्ञा कोणत्या क्रमाने द्याल? उलट क्रमाने, म्हणजे २, ५, ६ असे दिल्यास मूळच्या यादीतील कोणते नियम जातील?

३. ‘/२८’ असे लिहिल्यास किती पत्ते मोडतील ते काढा.